घर भाड्याने देताय? अकरा महिन्यांचं सोडा, नोंदणीचं बघा

घरमालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या तीन मेसेज आलटून पालटून फिरतात. पहिला: 'नवा भाडेकायदा आला, आता दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येणार नाही.' दुसरा: 'अकरा महिन्यांचा करार केला की रजिस्ट्रेशन लागत नाही.' तिसरा सगळ्यात जुना: 'भाडेकरू बारा वर्षं राहिला की घर त्याचं.' महाराष्ट्रात घर भाड्याने देणाऱ्यासाठी हे तिन्ही चुकीचे आहेत. त्यातला दुसरा सगळ्यात महागात पडतो, कारण त्यावर विश्वास ठेवून लोक खरोखरच तसे कागद करतात. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे पैसे घालून घेतलेला फ्लॅट पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर, नोटरीचा शिक्का मारून अनोळखी माणसाच्या हातात दिला जातो. त्या कागदाने आपलं रक्षण होईल असं मालकाला मनापासून वाटत असतं. ते होत नाही.

पहिला मेसेज आधी निकालात काढू. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी 'आदर्श भाडेकरू कायदा' मंजूर केला आणि घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांचं डिपॉझिट ही अट त्यातली आहे. पण तो राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे. राज्याच्या विधिमंडळाने तसा कायदा केला तरच तो त्या राज्यात लागू होतो. आपल्याकडे चालतो तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे आणि लिव्ह अँड लायसन्सच्या डिपॉझिटवर त्यात अशी मर्यादा नाही. गोव्याचा भाडेकायदा वेगळा, १९६८ चा आहे. तिथल्या वाचकांनी पुढची कलमं स्वतःला लावू नयेत.

## लिव्ह अँड लायसन्स म्हणजे नेमकं काय

घर दुसऱ्याला वापरायला देण्याचे दोन प्रकार आहेत. एक भाडेपट्टा. त्यात भाडेकरूला त्या जागेत कायद्याने मानलेला हक्क मिळतो. दुसरा लायसन्स, म्हणजे फक्त वापराची परवानगी. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये या परवानगीची व्याख्या आहे आणि तिने जागेत कुठलाही हक्क निर्माण होत नाही.

लग्नासाठी आपण मंगल कार्यालय दोन दिवस घेतो. खोल्यांच्या किल्ल्या आपल्याकडे असतात, स्वयंपाकघर आपला आचारी वापरतो, पाहुणे आपल्या मर्जीने उतरतात. तरी तिसऱ्या दिवशी 'आता ही जागा माझी' असं कोणी म्हणत नाही. लायसन्सचं स्वरूप तसंच आहे. करारात 'जागेचा कायदेशीर ताबा मालकाकडेच राहील, लायसन्सधारकास फक्त वापराची परवानगी आहे' असं वाक्य असतं ते याचसाठी. बोलताना आपण दोघांनाही भाडेकरूच म्हणतो आणि या लेखातही तसंच म्हणणार आहे. कागदावर मात्र हा फरक राहिला पाहिजे.

महाराष्ट्रातला मालक या फरकाबद्दल इतका हळवा का, याला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी जवळपास गोठवली आणि भाडेकरूला काढणं अवघड करून ठेवलं. त्यातून वाट काढायला मालक भाडेपट्ट्याऐवजी लायसन्स देऊ लागले. मग १९७३ ची दुरुस्ती आली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर राहत होते, ते सगळे कायद्याने भाडेकरू ठरले. ज्यांनी दोन वर्षांसाठी म्हणून जागा दिली होती, त्यांच्या पुढच्या पिढ्यांनाही ती परत मिळाली नाही. मुंबई-पुण्यात 'बंद राहू दे, पण भाड्याने नको' हे वाक्य आजही ऐकू येतं, त्याचं मूळ इथे आहे. ती भीती तेव्हा रास्त होती. १९९९ च्या कायद्यानंतर ती तशीच धरून बसण्याचं कारण उरलं नाही. अट एकच, करार त्या कायद्याला धरून असला पाहिजे.

## अकरा महिने हा आकडा आला कुठून

१९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ नुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे. वर्षाच्या आत राहिलं की नोंदणी टळते. म्हणून देशभर अकरा महिन्यांची पद्धत पडली आणि अनेक राज्यांत ती अजून चालते.

महाराष्ट्रात ती पळवाट १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने बंद केली. हे कलम म्हणतं की लिव्ह अँड लायसन्सचा किंवा भाड्याचा कुठलाही करार लेखी असला पाहिजे आणि नोंदवलेला असला पाहिजे. कुठलाही, म्हणजे अकरा महिन्यांचाही आणि तीन महिन्यांचाही. नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

पण दंडापेक्षा त्याच कलमातलं एक वाक्य जास्त घातक आहे. लेखी आणि नोंदवलेला करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. ते चूक आहे हे मालकाने सिद्ध करायचं. समजा तुम्ही फ्लॅट २१ हजार रुपये महिना भाड्याने, अकरा महिन्यांसाठी दिला. कागद नोटरीचा. भाडं काही रोख, काही यूपीआयवर. नवव्या महिन्यात वाद झाला आणि भाडेकरू म्हणाला, 'ठरलं होतं १५ हजार, आणि तीन वर्षांसाठी.' आता तारखा, पावत्या, बँकेच्या नोंदी जमवत धावायचं ते तुम्ही. नोंदवलेला करार असता तर हा प्रश्नच आला नसता.

नोटरी फक्त एवढंच सांगतो की या माणसांनी माझ्यासमोर सही केली. ती नोंदणी नव्हे. नोंदणी दुय्यम निबंधकाच्या दप्तरी होते आणि तिचा 'इंडेक्स टू', म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, निघतो. हा शब्द लक्षात ठेवा. एजंटने करार आणून दिला की आधी इंडेक्स टू मागा. तो नसेल तर करार नोंदलेला नाही, मग त्यावर कितीही शिक्के असोत.

## 'पण नोंदणीला खर्च फार येतो'

हिशेब करून बघू. महाराष्ट्रात साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते एकूण तीन रकमांच्या बेरजेवर लागतं: पूर्ण मुदतीचं भाडं, परत न करायचं डिपॉझिट असेल तर ते, आणि परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज.

भाडं २१ हजार, डिपॉझिट ८० हजार, मुदत दोन वर्षं. भाड्याची बेरीज ५ लाख ४ हजार. डिपॉझिटचं व्याज वर्षाला ८ हजार, दोन वर्षांचं १६ हजार. एकूण ५ लाख २० हजार. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे १,३०० रुपये. शहरी हद्दीत नोंदणी फी एक हजार, ग्रामीण भागात पाचशे. दस्त हाताळणीचं किरकोळ शुल्क वेगळं आणि एजंट घेतला तर त्याचे पैसे वेगळे. सरकारला जाणारे मुख्य पैसे म्हणजे २,३००. चोवीस महिन्यांवर वाटले तर महिन्याला शंभर रुपयेही होत नाहीत. बहुतेक ठिकाणी मालक आणि भाडेकरू हा खर्च निम्मा-निम्मा करतात. एवढ्यासाठी कोणी लाखोंची मालमत्ता उघड्यावर ठेवू नये.

कार्यालयात खेटे घालावे लागतात हेही आता खरं राहिलेलं नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाची ऑनलाइन ई-नोंदणी आहे. एजंट अंगठ्याचं यंत्र आणि वेबकॅम घेऊन घरी येतो, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडतो, आधारशी अंगठा जुळला की फोटो निघतो आणि पुढचा माणूस. मालक, भाडेकरू, दोन साक्षीदार, झालं. अडचण एकच असते, आजी-आजोबांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि यंत्र त्या घेत नाही. घर ज्येष्ठांच्या नावावर असेल तर एजंटला हे आधीच सांगा.

अंगठा लावण्यापूर्वी मसुदा स्वतः वाचा. एजंटकडे एकच साचा असतो आणि त्यात मागच्या गिऱ्हाइकाची एखादी ओळ तशीच राहून गेलेली असते. मुदत सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख दोनदा बघा, कारण पुढे सगळं त्या तारखेवर ठरणार आहे. मालक म्हणून ज्याच्या नावावर घर आहे त्याचंच नाव हवं. फ्लॅट पत्नीच्या नावावर आणि करार नवऱ्याच्या, असं सर्रास होतं. लॉक-इन, म्हणजे ज्या काळात कोणालाच करार मोडता येणार नाही ती मुदत, दोघांनाही बांधते, मालकालाही. मुलगी परदेशातून कधी परतेल याचा भरवसा नसेल तर लॉक-इन लांबवू नका. आणि घरातल्या वस्तूंची यादी कराराला जोडा: गीझर किती, पंखे किती, वीजमीटरचं किल्ली देण्याच्या दिवशीचं रीडिंग. डिपॉझिट परत करताना होणारी निम्मी भांडणं या यादीअभावी होतात.

## मुदत संपली आणि तो जात नसेल तर

इथे कलम २४ येतं आणि माझ्या मते घरमालकाच्या दृष्टीने अख्ख्या कायद्यातलं सर्वांत मोलाचं कलम हेच आहे. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेली जागा मुदत संपल्यावर सोडली नाही, तर मालकाने दिवाणी न्यायालयात दावा लावायची गरज नाही. राज्य सरकारने यासाठी 'सक्षम प्राधिकारी' नेमले आहेत, त्यांच्याकडे अर्ज करायचा. त्यांनी बघायचं ते मुख्यतः एवढंच की मुदत संपली का. लेखी करारात जे लिहिलं आहे तो त्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. 'तोंडी वेगळं ठरलं होतं' या युक्तिवादाला तिथे फारशी जागा राहत नाही.

भाडेकरूला समन्स मिळाल्यावर तीस दिवसांत शपथपत्र देऊन लढण्याची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही किंवा मिळाली नाही तर बेदखलीचा आदेश होतो. शिवाय मुदत संपल्यापासून प्रत्यक्ष घर रिकामं होईपर्यंत करारातल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. २१ हजारांच्या घरासाठी महिन्याला ४२ हजार. अर्ज करण्याआधी ही ओळ वकिलाच्या नोटिशीतून समोरच्याला नीट समजावून सांगितली, तरी पुष्कळदा सामान बांधायला सुरुवात होते.

काही महिने यातही जातात, पण पिढ्यान् पिढ्या चालणारे दावे डोळ्यांसमोर आणून घाबरून जाण्याचं कारण नाही.

या कलमाच्या मर्यादाही सांगायला हव्यात, कारण त्या कोणी सांगत नाही. ते फक्त राहण्याच्या जागेला आहे. दुकान, गाळा, ऑफिस लायसन्सवर दिलं असेल तर हा रस्ता नाही. तिथे दावाच लावावा लागतो, म्हणून व्यापारी जागेचा करार वकिलाकडूनच करून घ्यावा. जो स्वतः पागडीचा किंवा इतर कुठला भाडेकरू आहे आणि ती जागा पुढे लायसन्सवर देतो, त्यालाही कलम २४ चा फायदा नाही. कायद्याने तिथे त्याला 'मालक' धरलेलंच नाही. आणि कलमाचा सगळा जोर मुदत संपण्यावर आहे. मुदतीच्या मध्येच भाडं थकलं म्हणून करार रद्द केला, तर वादाला तोंड फुटू शकतं. म्हणून अनोळखी माणसाला पहिलाच करार पाच वर्षांचा देऊ नये. एक किंवा दोन वर्षांचा करावा आणि पटलं तर नवा करावा. डिपॉझिटही एवढं ठेवावं की थकलेलं भाडं आणि वीजबिल त्यातून भागेल.

मालकांकडून सगळ्यात जास्त वेळा घडणारी गोष्ट मात्र वेगळीच असते. भाडेकरू चांगला असतो. करार मार्चमध्ये संपतो. भाडं एप्रिलमध्ये येतं, मे महिन्यात येतं, कोणी काही बोलत नाही. दोन वर्षांनी वाद झाला की तो म्हणतो, 'तुम्ही मुदत तोंडी वाढवली होती, भाडं घेतच होता ना.' मुदत संपण्याच्या दोन महिने आधी मोबाइलमध्ये गजर लावा. नवा करार तरी करा, नाहीतर घर तरी रिकामं करून घ्या.

## बारा वर्षांची भीती

१९६३ च्या मुदत कायद्यात बारा वर्षांचा उल्लेख आहे हे खरं. पण तो मालकाच्या हक्काला आव्हान देत, उघडपणे, 'हे माझंच आहे' म्हणून बसलेल्या माणसाबद्दल आहे. तुमच्या परवानगीने, भाडं देऊन राहणारा माणूस तुमचा हक्क मान्य करूनच तिथे असतो. तो वीस वर्षं राहिला तरी केवळ तेवढ्याने मालक होत नाही. परवानगीचा पुरावा काय, तर नोंदवलेला करार. एका पाठोपाठ एक नोंदवलेले करार असतील तर हा मुद्दा न्यायालयात उभासुद्धा राहत नाही. करार न करता 'ओळखीचाच आहे' म्हणून दिलेल्या गावाकडच्या घरात आणि शेतघरात मात्र खरा धोका असतो.

## 'कुलूप बदललं, वीज तोडली की आपोआप जाईल'

असं करू नका. पाणी, वीज यांसारख्या आवश्यक सेवा तोडण्याविरुद्ध १९९९ च्या कायद्यातच कलम २९ आहे. शिवाय कायदेशीर मार्गाशिवाय कोणाला जागेतून बाहेर काढलं, तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली तो सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात मालक कोण हा प्रश्न बघितला जात नाही. समोरचा दुबळा असतो तेव्हा हे अन्याय्यही आहे. लहान मुलं असलेल्या घराचं पाणी बंद करणाऱ्या मालकाच्या बाजूने मी कधीच उभा राहणार नाही.

## सोसायटी आणि पोलीस

सोसायटीला कळवणं आणि कराराची प्रत देणं गरजेचं आहे. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांनुसार, सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. ना-हरकत पत्रासाठी देणगी मागितली तर देऊ नका. सोसायटी बिनभोगवटा शुल्क, म्हणजे रोजच्या भाषेत नॉन-ऑक्युपन्सी, घेऊ शकते. १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशानुसार ते महापालिकेचे कर वगळून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. भाड्याच्या दहा टक्के नव्हे. मासिक बिलावरची ती ओळ एकदा तपासून बघा.

शहरांमध्ये पोलीस आयुक्त वेळोवेळी मनाई आदेश काढतात आणि भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक करतात. आदेश मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली मालकावर गुन्हा नोंदतो. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ही माहिती ऑनलाइन भरता येते. पोचपावती जपून ठेवा.

## हातात खरोखर किती उरतं

गुंतवणूक म्हणून घर घेणाऱ्यांनी हा हिशेब खरेदीआधी करावा. ८० लाखांचा फ्लॅट, भाडं २१ हजार. वर्षाला २ लाख ५२ हजार, म्हणजे किमतीच्या ३.१५ टक्के. आता वजाबाकी. मेंटेनन्स महिन्याला ३ हजार धरला तर ३६ हजार. मिळकतकर १५ हजार. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर मिळणारी ४० टक्के सवलत भाड्याने दिल्यावर जाते हेही धरा. भाडेकरू बदलताना एक महिना रिकामा, २१ हजार. रंग, नळ, ब्रोकरेज मिळून १५ हजार. उरले १ लाख ६५ हजार, म्हणजे साधारण दोन टक्के. गृहकर्जाचा दर याच्या कितीतरी वर असतो. घराची किंमत वाढेल या आशेवर बाकीचं उभं असतं. ती वाढेलही, पण ती आशा आहे, उत्पन्न नव्हे.

आणि या १ लाख ६५ हजारांपुढे एक अडकून बसलेला भाडेकरू ठेवून बघा. सहा महिने भाडं बुडालं तर १ लाख २६ हजार गेले. वर्षभराच्या कमाईतला मोठा भाग २,३०० रुपये वाचवण्याच्या नादात गेला.

प्राप्तिकरात प्रत्यक्ष भरलेला मिळकतकर भाड्यातून वजा होतो आणि उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. वरच्या उदाहरणात बाराही महिने भाडं आलं असं धरलं, तर मिळकतकर वजा करून उरलेल्या २ लाख ३७ हजारांतून ७१,१०० वजा जाऊन १ लाख ६५ हजार ९०० करपात्र. रंगाची पावती यात वेगळी लावता येत नाही, आणि एक रुपया खर्च केला नसला तरी ते ३० टक्के मिळतातच. भाड्याने दिलेल्या घराच्या कर्जाचं व्याजही वजा होतं, पण नव्या करप्रणालीत त्यातून तोटा निघाला तर तो पगारातून वळता करता येत नाही. भाडं महिन्याला ५० हजारांच्या वर असेल तर भाडेकरूने टीडीएस, म्हणजे भाड्यातून कापून सरकारकडे भरायचा कर, कापायचा असतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो दर पाचवरून दोन टक्क्यांवर आला आहे.

## मालक परदेशात असेल तर

ठाण्यात फ्लॅट आणि मालक न्यू जर्सीत किंवा दुबईत, अशी घरं आता थोडी नाहीत. त्यांना ५० हजारांची मर्यादा लागू नाही. मालक करासाठी अनिवासी असेल तर भाडं कितीही असलं तरी भाडेकरूने ३० टक्के आणि त्यावरचा उपकर धरून ३१.२ टक्के कापायचे असतात. जास्त कापलेला कर विवरणपत्र भरून परत मिळवता येतो. हे दोघांनाही माहीत नसतं आणि जबाबदारी मात्र भाडेकरूच्या गळ्यात पडते, म्हणून करारातच मालक अनिवासी असल्याचं लिहावं. भाडं एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नासाठीच्या बँक खात्यात घ्यावं, जुन्या बचत खात्यात नव्हे.

नोंदणीसाठी इथल्या भावाला किंवा बहिणीला कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) द्यायचं असेल तर ते तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा नोटरीसमोर करावं आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावं. त्यात घर लायसन्सवर देण्याचा, करार नोंदवण्याचा आणि सक्षम प्राधिकाऱ्यापुढे अर्ज करण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत लिहा. विक्रीचा अधिकार त्यात घालू नका. त्यासाठी वेळ येईल तेव्हा वेगळा कागद करता येतो.